शेळीला सांगितलं होतं

दवाखान्यातली माणसं त्या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत. त्या जावा आहेत हे ज्यांना ठाऊक नव्हतं, तीसुद्धा तसंच म्हणत. थोरलीचं लग्न झालं तेव्हा गवताबद्दल तिला एवढंच माहीत होतं, की ते पायाला टोचतं. नवरा दवाखान्याचा माळी. आधी त्याची पाठ धरली, पुढे तो गेलाच, आणि हिरवळीचं काम तिच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलेलं काम तिने अंगावर दागिना घालावा तसं मिरवलं. आवार वाढलं तेव्हा तिने धाकट्या जावेला हाताशी घेतलं.

गवत कापायच्या पेट्रोलच्या मशीनला थोरलीचा नवरा शेळी म्हणायचा. चरते, ओरडते आणि मधेच हटून बसते, म्हणून. तो गेला तरी नाव राहिलं.

खरं सांगायचं तर थोरलीला गवत कापण्यापेक्षा शेळीची साफसफाई जास्त आवडे. कापलेलं गवत पाठ फिरवली की पुन्हा वाढतं. घासलेलं पातं, नवं तेल, झटकलेली हवेची जाळी यांचं समाधान निदान आठवडाभर पुरतं. घरात असं पुरणारं काही तिला मिळालं नव्हतं. सासूबाईंच्या आजारपणात उशीचा अभ्रा सकाळी बदलला तरी दुपारी पुन्हा बदलावा लागे.

भांडण झालं ते सासूबाईंच्या खोलीवरून. त्या गेल्या आणि त्यांची खिडकीची खोली रिकामी झाली. दिवसा दिवा लावावा लागत नाही अशी घरातली तेवढी एकच खोली. काही दिवसांनी धाकटीने तिथे सामान हलवलं आणि म्हणाली, "आईंनी मला दिलीय. माझ्यापाशी बोलल्या तशा." ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

थोरलीला खोलीचा मोह नव्हता. तिच्या मनात वेगळंच डाचत होतं. इतकी वर्षं ज्यांचं केलं त्या सासूने आपल्याला एका शब्दाने सांगू नये? की धाकटीनेच थाप मारली? दोन्हींपैकी काहीही खरं निघालं तरी वाईटच होतं, आणि काय खरं ते कळत नव्हतं हे त्याहून वाईट. एका दुपारी चार पाहुण्यांदेखत तिच्या तोंडून गेलं, "टोपी घातलीस तू मला." धाकटीने हातातला कप खाली ठेवला आणि उठून गेली. तेव्हापासून अबोला.

पण शेळी एकटीने आवरत नाही. म्हणून दोघी शेळीशी बोलू लागल्या.

"शेळीबाई, तुझ्या अंगावरचं फडकं कुणी नेलंय का गं?" धाकटी विचारायची.

"शेळे, दोरीवर बघायला सांग. डोळे असतील तर दिसेल," थोरली सांगायची.

बागेत ऊन खात बसलेल्या पेशंटांना आधी गंमत वाटली. पुढे सवय झाली. एक म्हातारे गृहस्थ मात्र रोज खुर्ची जवळ ओढून बसत. "रेडिओपेक्षा बरं आहे," म्हणत.

शेळीच्या हँडलला एक दांडी होती. ती दाबून धरली तर इंजिन चालायचं, सोडली की बंद. धाकटीचं मनगट दुखे, म्हणून तिने ती दांडी सुतळीने हँडलला बांधूनच टाकली होती; इंजिन बंद करण्यापुरती सोडायची, की लगेच पुन्हा बांधायची. "शेळे, असले लाड बरे नव्हेत," असं थोरली एकदोनदा म्हणाली. शेळीने मनावर घेतलं नाही.

आणखी एक पंचाईत होती. प्लगच्या वायरीच्या टोकाला रबराची टोपी असते. ती जागेवर असेल तर पातं हाताने फिरवलं तरी इंजिन पेटू शकतं; ओढून काढली की चुकूनही पेटत नाही. टोपी काढल्याशिवाय शेळीच्या पोटाखाली हात घालायचा नाही, हा थोरलीच्या नवऱ्याने घालून दिलेला नियम. काढणाऱ्याने "टोपी काढली" म्हणायचं, घालणाऱ्याने "टोपी घातली". पण त्या दुपारनंतर हा शब्द दोघींच्या जिभेवरून उतरला होता. जी ती आपापल्या डोळ्यांनी बघून घेई.

त्या दिवशी तेल बदलायचं होतं. तेल पातळ व्हावं म्हणून शेळीला थोडा वेळ चालवून घेतलं होतं. काळं तेल डब्यात काढून नवं घातलं. मग धाकटीने टोपी ओढली, प्लग काढून ब्रशने घासायला घेतला. पेट्रोल तळाशी उरलेलं होतं. थोरलीने हवेची जाळी असलेली बाजू वर ठेवून शेळीला आडवं केलं आणि लाकडी उलथन्याने पोटातलं वाळकं गवत खरवडून काढलं. शेळी पुन्हा उभी केली आणि ती जाळी झटकायला पायरीवर गेली.

मागून धाकटीचा आवाज आला, "झालं गं शेळीबाई. घातली हो तुला टोपी."

थोरलीच्या कानशिलाशी गरम झालं. इतक्या महिन्यांनी हा शब्द, तोही असा लाडात. पाहुण्यांसमोर बोललेलं आज व्याजासकट परत देतेय, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिने मुद्दाम मान वळवली नाही. जाळी दगडावर अशी आपटली, जणू तिचीच काही चूक होती.

ती परत आली तेव्हा धाकटी पलीकडे तेलाचा डबा झाकत होती. थोरलीने जाळी बसवली, वाकून पाहिलं, तर पात्याजवळ गवताचा एक गोळा तसाच चिकटलेला. हात लाव म्हणायचं म्हणजे शेळीच्या पाया पडणं आलं. रागात प्लगकडे बघायचं राहूनच गेलं. तिने एकटीनेच शेळी आडवी केली, पात्याच्या टोकाला उलथनं लावलं आणि जोर दिला.

पातं फिरलं. फट् असा एकच आवाज झाला. उलथनं हातातून सुटलं, भिंतीवर आपटलं आणि त्याचे दोन तुकडे झाले.

थोरली मागे बसली ती बसलीच. तिने बोटं एकेक करून हलवून पाहिली. होती सगळी. धाकटी धावत आली, टोपी उपटली, आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून उलटासुलटा पाहू लागली.

"सांगायला काय झालं होतं तुला?" थोरली म्हणाली.

"सांगितलं की. टोपी घातली म्हणाले."

"कुणाला सांगितलंस?"

धाकटीने तिचा हात सोडला. मग हळूच म्हणाली, "शेळीला."

"मग हात तिचा गेला असता का?"

पलीकडच्या खुर्चीतले म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले होते. थोरलीने त्यांना हातानेच बसायची खूण केली.

"मला वाटलं टोमणा मारतेयस," ती म्हणाली.

"टोमणा मारायला मी टोपी नसती म्हटली, जाऊबाई. तो शब्द तुमचा." धाकटीने पदराने डोळे पुसले, तेलाचा एक पट्टा गालावर उमटला. "म्हटलं, नियम आहे तर निदान शेळीला तरी म्हणावं."

धाकटीने कात्री आणून दांडीची सुतळी कापली. थोरली बघत राहिली. आता मात्र तिला तो प्रश्न गिळवेना.

"आईंनी खरंच दिली खोली?"

"खरंच."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

धाकटीने कात्री खाली ठेवली. "खरंच दिली. पण म्हणाल्या, थोरलीला विचार आणि मग जा. ते मी केलं नाही. वाटलं, तुम्ही नाही म्हणालात तर?"

थोरलीने तळव्याला चिकटलेलं गवत झटकलं. सासूला आपला विसर पडला नव्हता. हे एवढंच तिला हवं होतं, आणि ते मिळालं तेव्हा त्याला दुसरी बाजूही होती. टोपी घातली होती, पण अर्धीच. अर्ध्यासाठी किती रागवायचं याचा हिशेब तिला जमेना.

"मग विचार," ती म्हणाली.

"आता?"

"आता नाही तर कधी? मी मेल्यावर शेळीला विचारणार आहेस?"

धाकटी उकिडवी बसली, लग्न होऊन आली त्या दिवशी बसली होती तशी, नजर जमिनीला. "जाऊबाई, आईंच्या खोलीत मी राहू का?"

थोरलीने उलथन्याचा मोठा तुकडा उचलला आणि पात्याजवळचा गोळा खरवडू लागली. तो निघाला तसं तिने पातं दोन्ही बाजूंनी पुसून घेतलं.

"त्या खिडकीतून धूळ फार येते," ती म्हणाली. "पडदे आठवड्याला धुवावे लागतील. दोघी मिळून धुऊ."