मामाच्या नळाची खूण

आमच्या वहिनीचं कौतुक करायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. ती हे वाचेल आणि वर्षभर मला ऐकवेल. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते पोटात राहत नाही, म्हणून सांगतो.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. शहराच्या पाणी खात्यात नोकरीला. मी शिंपी. खाली दुकान, वर खोली, खोलीत मी एकटा. लग्न का केलं नाही ते विचारू नका, वहिनी विचारते तेवढं पुरे आहे.

खात्यात तिचं काम गळती शोधायचं. घरोघरचे नवे मीटर दर पाच मिनिटांनी आपला आकडा आपोआप कचेरीत धाडतात. बाकीच्यांनी त्यातून बिलं काढली, फुटलेले पाइप शोधले. तेवढ्यात एका गल्लीत एकटी राहणारी म्हातारी घरात पडली आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत उशीर झाला. वहिनीने नंतर तिच्या मीटरचे आकडे उघडले. ज्या सकाळी पाणी थांबलं, ती सकाळ तिथे स्वच्छ दिसत होती.

"सगळं आमच्याकडे येऊन पडलं होतं हो भाऊजी," ती मला म्हणाली. "कोणी बघितलंच नाही." त्या दिवशी तिला घास गेला नाही.

मग ती साहेबांच्या मागे हात धुऊन लागली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी होकार दिला, तर त्यांच्या घराची पाण्याची सवय संगणकाने शिकून घ्यायची. सवय मोडली की घर पडद्यावर लाल. आधी फोन करायचा, उचलला नाही तर दवाखान्याची नर्स शेजाऱ्याकडची किल्ली घेऊन आत. साहेबांनी आधी उडवून लावलं, मग हो म्हणाले. वहिनी मागे लागली की माणूस हो म्हणतोच, माझ्या भावाला विचारा.

मी तिची भरपूर टर उडवली. "वहिनी, उद्या नळाला कान लावून माणसाची पत्रिका सांगाल," म्हणालो. तिने माझ्यापुढे कागद सरकवला. "एकटे आहात ना? करा सही." माझं वय त्यात बसत नव्हतं, पण म्हटलं, बाईच्या नादी कोण लागतो. केली सही.

खरी पंचाईत मामाची होती. आमचा सख्खा मामा त्याच खात्यातून निवृत्त झालेला चावीवाला. रस्त्याखालच्या मोठ्या चाव्या फिरवून वस्त्यांना पाणी सोडायचा. त्या काळी या लोकांकडे फोन नव्हते. अडचण आली की पाइपवर पान्याने ठोकायचं. तीन ठोके, जरा थांबायचं, पुन्हा तीन. म्हणजे अडकलोय, या. मामाची ती सवय घरातही गेली नाही. चष्मा सापडला नाही तरी टेबलावर तीन ठोके, की आम्ही भाचरं शोधायला पळायचो.

मामी गेल्यावर त्याची मुलगी हटून बसली होती, बाबांनी माझ्याकडे राहायला यावं. तिचं गाव लांब. मामाला आपलं घर सोडायचं नव्हतं. "तिथे गेलो की मी खुर्चीत ठेवलेलं सामान होईन," तो मला एकदा म्हणाला, आणि मामा असं बोलणारा माणूस नव्हे. शेवटी तडजोड झाली: मीटरची नजर राहील, तोवर बाबा इथे. पण एकदा जरी पडून राहिले आणि कोणाला कळलं नाही, तर सामान बांधायचं.

"जन्मभर मी लोकांचं पाणी बघितलं, आता सूनबाई माझं बघणार," मामा कुरकुरला. मग हळूच विचारलं, "किती वेळाने बोलतो गं तुझा मीटर?"

"पाच मिनिटांनी, मामा."

"पाच मिनिटांनी एक शब्द? माझा पाना बरा होता."

त्यानंतर काही महिन्यांनी मी वहिनीचा शिवून झालेला कोट द्यायला कचेरीत गेलो. छोटी खोली, दोन टेबलं, साय धरलेला चहा आणि समोर पडदा. पडद्यावर शहराची सकाळ. एक रेघ पहाटे जमिनीला टेकलेली, मग हळूहळू उठत गेलेली. आधी बेकरीवाले, मग शाळेची घरं, मग आम्ही आळशी. मी जन्मभर एकेका माणसाची मापं घेतली. इथे अख्ख्या गावाचं माप एका रेघेत. मी बघतच राहिलो. टर उडवायची विसरूनच गेलो.

"आमच्या मामाचं दाखवा की," मी म्हणालो.

तिने उघडलं. हिरवं. बाजूला संगणकाने लिहिलेलं: धुण्याचं यंत्र सुरू.

"मामांनी यंत्र घेतलं?" वहिनीने विचारलं.

"मामाने? तो रुमालसुद्धा कोणाला धुऊ देत नाही."

वहिनी खुर्चीत पुढे सरकली. मामाची रेघ सकाळी अंघोळीच्या वेळी वर गेली होती आणि मध्येच तुटली होती. मग बराच वेळ काही नाही. त्यानंतर पाणी चालू, बंद. चालू, बंद. चालू, बंद. मोठी फट. पुन्हा तीनदा. संगणकाला वाटलं कपडे चाललेत. पाणी वाहतंय म्हणजे त्याच्या हिशेबी माणूस धडधाकट आहे.

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "मामा अडकलाय."

वहिनीने मामाला फोन लावला, तो वाजत राहिला. घर लाल नव्हतं, म्हणून नर्स निघायला कां कूं करत होती. "माझ्या जबाबदारीवर निघा," वहिनी म्हणाली, आणि चप्पल नीट न चढवताच जिन्याकडे पळाली. मी मागे.

मामा न्हाणीघरात ओल्या फरशीवर पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ निळे. एक हात खालच्या नळावर. पुटपुटत आकडे मोजत होता. मीटरच्या चालीने, पाच पाच मिनिटं, नळ उघडा ठेवायचा आणि तितकाच वेळ बंद. तशा दुखण्यात. पाना हाताशी नव्हता, म्हणून त्याने पाण्यानेच ठोकलं होतं. आणि वहिनीने शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून ते ऐकलं. मी देवभोळा नाही, पण त्या दारात माझे हात आपोआप जुळले.

मामाने तिला पाहिलं. "आलीस का," म्हणाला. "आता तो नळ बंद कर. पाणी वाया जातंय."

मुलगी दवाखान्यात आली ती मामाचं सामान बांधायच्या तयारीनेच. त्या रेघेचं चित्र वहिनीने तिच्या हातात दिलं आणि तीन ठोके बोटाने दाखवले. लहानपणी चष्मा शोधत तीही पळाली होतीच. ती बाबांच्या उशाशी बसून खूप रडली. बॅग मात्र तिने रिकामीच परत नेली.

आता संगणकाला ती खूण शिकवली आहे, आणि यादीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला कशी करायची ते सांगितलं आहे. मध्यंतरी एक आजी तशाच सापडल्या, स्वयंपाकघरात, जिवंत. मामा काठी टेकत आपल्याच घरात फिरतो आणि मीटरला नावं ठेवतो.

राहिलो मी. परवा सकाळी उठलो, खोलीत शुकशुकाट. तब्येत ठणठणीत. तरी काय सुचलं कोण जाणे, घड्याळ समोर ठेवून मी पाच पाच मिनिटांनी नळ तीनदा उघडला, तीनदा बंद केला. आपल्याकडे कोण बघतंय, असं म्हणत चहाचं आधण ठेवलं.

आधण उकळायच्या आत फोन आला.

"भाऊजी, पडलात का?" आवाज घाबरलेला. धापही लागली होती, बहुतेक जिन्यात होती.

"नाही वहिनी."

जिन्यातली पावलं थांबली.

"मग पाणी वाया घालवू नका," ती म्हणाली. "आणि आजपासून रात्री जेवायला इकडे यायचं."