दोन देशांचे रियाल

मालवणच्या बँकेत परकीय चलनाचं टेबल माझ्याकडे आलं, तेव्हा मला चलनांचे कोड धड पाठ नव्हते. पहिल्याच आठवड्यात तोंडवलीची एक मासेविक्रेती लेकीला घेऊन आली. लेक नर्सिंग शिकलेली. नोकरीची दोन पत्रं तिच्या हातात होती. एक कतारचं, पगार तीन हजार रियाल. दुसरं ओमानचं, चारशे रियाल. उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं.

लेकीला ओमानला जायचं होतं, तिची मैत्रीण तिथे होती. आई ऐकत नव्हती.

"तूच सांग गो बाय हिका. रियाल तो रियाल. तीन हजार मोठे की चारशे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. मलाच खात्री नव्हती. मग पत्रं नीट पाहिली. एकावर क्यूएआर, दुसऱ्यावर ओएमआर. पहिली दोन अक्षरं देशाची, तिसरं चलनाचं. दरपत्रकावर हिशेब केला. ओमानचा एक रियाल म्हणजे कतारचे जवळजवळ साडेनऊ. चारशेच जास्त भरत होते.

मी बँकेतली मराठी बाजूला ठेवली. "मावशी, नाव एकच आसा, पण भाव येगळो."

तिने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. "म्हणजे टोपलीभर स्वस्त तारले आणि चार म्हाग इसवण."

"तसाच."

"मगे असा सांगूक नको हिना?" ती लेकीवरच डाफरली. लेक मात्र हसत होती. तिला तरी कुठे ठाऊक होतं?

लेक ओमानला गेली. पैसे येऊ लागले, तशी आई दर महिन्याला येऊन विचारायची, "आज बाइंग किती?" बँक रियाल विकत घेते तो बाइंगचा दर, हे तिला एकदाच सांगावं लागलं. बाजारात ज्यांची पोरं परदेशी बोटींवर नोकरीला होती, त्या बायकांना पुढे तीच समजावू लागली.

गेल्या वर्षी ती नवीन लुगडं नेसून आली. पर्समध्ये पासपोर्ट.

"लेकीक बघूक जातंय. थोडे रियाल दी."

मी दर सांगितला. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"माझ्याकडसून घेतास तेव्हा कमी, आणि माका देतास तेव्हा जास्ती?"

"हो. हा सेलिंगचा दर."

"आमच्या माशांचा पण तसाच आसता," ती म्हणाली, आणि नोटा उजेडात धरून एकेक बघू लागली.