कशेळ्याची पेंढ्यातली गाडी

कर्जतला उतरलो तेव्हा खिशात गॅरेजच्या शेठची चिठ्ठी होती. मी वाशीमकडचा. सातवीत शाळा सुटली, मग मुंबईच्या एका गॅरेजात चार वर्षं हात काळे केले. विकाऊ गाडी पाहायला एकट्याला पाठवण्याची ही पहिलीच वेळ. शेठ म्हणाले होते, "तू हो म्हणालास की मी घेतली." एवढा विश्वास माझ्यावर घरच्यांनीही टाकला नव्हता. चूक झाली तर काम जाणार, हे न सांगताच कळत होतं.

कशेळ्याची एस.टी. लगेच मिळाली. भातं कापून झाली होती. खाचरांत (बांध घातलेली भाताची शेतं) नुसते खुंट उभे. आमच्याकडं नजर पोचेल तिथवर सपाट रान. इथं जिकडं पाहावं तिकडं डोंगर आडवा येतो.

गाडी विकायला काढलेल्या धर्माकाकांचं घर स्टँडपासून जवळच. पूर्वी ते एका बंगल्यावर राखणीला होते. साहेब विलायतेला जाताना गाडी त्यांच्या नावावर करून गेले. काकांनी गोठ्याशेजारच्या पडवीतला पेंढा (भाताचं काड) उपसला, तशी आतून हिरवी गाडी निघाली. दोनच माणसांची, कापडी टप मागं दुमडणारा.

"चार पोरं नि गाडी दोघांची," काकू दारातून म्हणाल्या. "मी कदी बसलेच नाय."

"बोलावली तवा शेण काढीत होतीस."

"मंग गोठ्यात आनायची गाडी!"

इंजिन दुसऱ्या हाकेला बोललं. काका दर आठवड्याला पेंढा सारून ते चालू करून बघत. टप दुमडून आम्ही कर्जतच्या रस्त्याला लागलो. काकांनी शेजारी बसून एका हातानं टोपी धरली होती. विहिरीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गाडी पळत होती, मला 'हो' म्हणायची घाई झाली होती.

परत आल्यावर रिवाज म्हणून पायाखालची चटई उचलली. खाली काळा, ओलसर पेंढा. तो बाजूला सारून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर पत्र्यातून आरपार गेला. खाली वाकून पाहिलं. चासीची, म्हणजे खालच्या सांगाड्याची, डावी बाजूही पापुद्र्यांसारखी सुटत होती. आत्ताच या गाडीतून आम्ही पळत आलो होतो!

"आतपण पेंढा भरलात?"

"दर पावसाळ्यात. आंब्याच्या आढीवानी. थंडीवाऱ्याचं बाधू नये म्हनून."

ते कौतुकानं सांगत होते. तरी मी सांगून टाकलं. पेंढ्यानं पाणी धरलं, लोखंड खाल्लं, ही मी घेऊ शकत नाही.

काका पडवीतच बसून राहिले. मी निघायला लागलो, तर काकूंनी अडवलं. "उपाशी जातोस काय रं? बस."

तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. काका जेवायला आले नाहीत.

स्टँडवर मात्र पोचवायला आले. तिथं म्हणाले, "खोपोलीचा एक येपारी काल येऊन गेला. त्यानं चटई नाय उचलली. सोमवारी पैसे घेऊन येतो म्हनला."

मी एस.टी.च्या वाटेकडं पाहिलं.

"त्याला आता उचलून दावाय लागंल," काका म्हणाले. "कालपतुर म्हाईत नव्हतं, तवर बरं व्हतं."

एस.टी. गच्च भरून आली. काका पायरीवर चढून कंडक्टरला म्हणाले, "लांबचं पोर हाय, पावना हाय आमचा. बसाया जागा करा."

जागा झाली.

शेठनी सगळं ऐकलं, "बरं केलंस" म्हणाले आणि दुसरं काम दिलं. खरं बोलायला मोठी छाती लागते म्हणतात. त्या दिवशी माझं काहीच गेलं नाही, उलट पत वाढली. गेलं ते काकांचं. आणि उभ्या गर्दीत बसून मीच आलो.