अकराव्या रेकॉर्डची शेवटची चार मिनिटं

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. जुन्या जालन्यात माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. आता तिथेच टीव्ही आणि पंखे दुरुस्त करतो. आयुष्यभर एकच गोष्ट शिकलो - आवाज आला तर त्याला कारण असतं. सैल वायर, मळलेलं हेड, उतरलेले सेल... शोधलं की सापडतंच. आई नजर काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आली की मी चप्पल घालून बाहेर पडायचो. त्यामुळे हा अनुभव इथे लिहायला मला एवढी वर्षं लागली.

खरात सर हे आमचे गणिताचे मास्तर. मूळचे घनसावंगीकडचे. घरात मेंढरं आणि थोडी जमीन होती. पण सर शिकायला हैदराबादला गेले आणि तिथे एका हॉटेलच्या बँडमध्ये शनिवार-रविवारी डबल बेस वाजवायला लागले. डबल बेस म्हणजे व्हायोलिनसारखंच वाद्य, पण माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचं. नोकरी लागल्यावर सरांनी ते गोधडीत गुंडाळून रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून जालन्याला आणलं. आम्ही पोरं त्याला ‘सरांचं कपाट’ म्हणायचो. सर कधी रागावले नाहीत.

मी १९८३ साली दुकान टाकलं आणि सर माझे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक झाले. अमेरिकेतला एक जॅझवाला होता, बेस वाजवणारा आणि स्वतः रचना करणारा. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा त्याच्यावरच चालू होईल. आम्ही त्याला ‘बुवा’ म्हणायचो. बुवांच्या दोन रेकॉर्डी जगभर गाजलेल्या. माहीतगार लोक तेवढ्याच ऐकतात आणि मान डोलवतात. मी सरांना त्या दोन्ही भरून दिल्या, वाटलं, काम झालं.

सर म्हणाले, "दोन रेकॉर्डीवरून माणूस कळत न्हाई. तुझ्या दोन पेपरांवरून मी तुला पास केलं असतं का?"

त्यांनी वहीचा कागद दिला. त्यावर अकरा नावं होती. गाजलेल्या दोन सोडून बाकी नऊ मला एकेक करून शोधायला लावल्या. आणि गंमत म्हणजे भरता भरता मलाही चटक लागली. एकीत नुसता बेस आणि बासरी. एकीत चर्चमधला गायकांचा ताफा. एक बुवांनी आजारपणात केलेली, तिच्यात बोटं संथ झालेली कळायची, पण सूर सोडत नव्हती. सर म्हणायचे, माणूस कळतो तो या पडेल रेकॉर्डीत.

अकरावी मिळाली ८८ साली. हैदराबादच्या सुलतान बाजारात जुन्या रेकॉर्डी विकणारे एक चाचा होते. त्यांचा माणूस औरंगाबादला चालला होता. सकाळच्या गाडीनं रेकॉर्ड माझ्याकडे द्यायची आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीनं परत न्यायची, असं ठरलं. लग्नसराई चालू होती, दुकानात ऑर्डरींचा ढीग पडला होता. सरांनी नव्वद मिनिटांची कॅसेट दिलेली, तिच्या एका बाजूला दहावी रेकॉर्ड आधीच भरलेली. उरली पंचेचाळीस मिनिटं. आणि ही रेकॉर्ड निघाली पन्नासची!

शेवटची रचना नऊ मिनिटांची होती, टेप उरली होती चार मिनिटं. दुसरी कॅसेट लावायला काय जात होतं माझं? पण समोर चार गिऱ्हाइकं उभी होती. मी ती रचना सोडूनच दिली. आमच्या धंद्याचा एक नियम होता - टेप कोरी सोडायची नाही. कोरी टेप निघाली की गिऱ्हाईक म्हणतं, फसवलं. म्हणून सवयीनं त्या चार मिनिटांत सिनेमातल्या एका गाण्याची अ‍ॅकॉर्डियनवरची धून भरून टाकली.

दुसऱ्याच दिवशी सर दुकानात आले.

"बुवा हे असलं कवापासून वाजवून राह्यले?"

मी म्हणालो, "सर, रेकॉर्ड तिथून खराब होती."

सरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाले आणि गेले. मला इतकी लाज वाटली की पुढच्याच आठवड्यात मी हैदराबादला गेलो. रेकॉर्ड विकली गेली होती. चाचांना एवढंच आठवत होतं, "सिकंदराबाद का कोई रेलवेवाला था."

मग मी हट्टाला पेटलो. बायको म्हणायची, तुम्हाला त्या रेकॉर्डीनं झपाटलंय. झपाटलं-बिपाटलं काही नव्हतं, मी खोटं बोललो होतो आणि मला ते पुसायचं होतं. दरवर्षी दिवाळी झाली की मी सिकंदराबादला जायचो आणि रेल्वे क्वार्टर्समध्ये घरोघर विचारायचो.

मध्येच घाई करायला लावणारी गोष्ट घडली. सरांचे कान जायला लागले. आधी एक, मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, शिर सुकली आहे, मशीनचा उपयोग नाही. सर निवृत्त होऊन अंबडला राहायला गेले होते. मी गेलो की म्हणायचे, "सापडली का? जल्दी कर बाबा, दुकान बंद व्हायला आलंय." आणि कानाकडे बोट दाखवून हसायचे. मला हसू यायचं नाही. २००० सालापर्यंत त्यांना काहीही ऐकू येईनासं झालं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, पाटी आणून ठेवली. आपण लिहायचं, सर बोलून उत्तर द्यायचे.

सगळे म्हणाले, आता सोड. मी नाही सोडलं.

२००२ साली सापडली. त्या रेल्वेवाल्याला जाऊन वर्ष झालं होतं. त्याची बायको म्हणाली, "हमारे घर में अब कोन सुनता जी, ले जाव." रेकॉर्डच्या लेबलवर भरताना मी टाकलेला पेन्सिलीचा नंबर होता. तीच रेकॉर्ड! मी तिथे पायरीवरच बसलो आणि रडलो, त्या बाईंनी पाणी आणून दिलं.

मार्च महिना होता. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून दुपारी अडीचची वेळ धरली. रेकॉर्ड प्लेअर मांडीवर घेऊन एसटीनं अंबडला गेलो. सोबत सेलवर चालणारा, माइक असलेला टेपरेकॉर्डर आणि साठ मिनिटांची कोरी कॅसेट नेली. सरांना ऐकू येणार नव्हतं हे कळत होतं, पण कॅसेट पुरी करून द्यायचीच होती. या वेळी रेकॉर्डच्या एका बाजूला कॅसेटची एक बाजू... शहाण्या माणसानं चौदा वर्षांपूर्वी करायचं ते.

आधी पाटीवर लिहिलं, "सर, रेकॉर्ड खराब नव्हती. टेप संपत होती म्हणून मी शेवटची रचना सोडली. खोटं बोललो."

सरांनी वाचलं आणि तळहातानं पाटी पुसली.

"मला तवाच कळलं होतं. खराब असती तं तू कॅसेट द्यायच्या आधीच दहा वेळा बोलला असता. लाव आता."

मी रेकॉर्ड लावली. सर स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवून बसले. पहिली बाजू झाली, कॅसेट उलटी केली, दुसरी लावली. शेवटची रचना सुरू झाली तेव्हा मी पाटीवर लिहिलं, "हीच ती." सर उठले. कोपऱ्यातल्या डबल बेसची गोधडी काढली, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि डोळे मिटून वाजवायला लागले. सुरुवातीला मला वाटलं, असंच काहीतरी वाजवताहेत. पण ते बुवांच्या बरोबर चालले होते. मी म्हटलं, खोक्यावर हात होता, ठेका हातात राहिला असेल.

पाच मिनिटं झाली असतील आणि लाईट गेली. वेळापत्रकात नसताना! पंखा थांबला, रेकॉर्डचा आवाज जाड होत होत बसला. मी कपाळावर हात मारला. पण सर थांबले नाहीत. ते तसेच पुढे वाजवत राहिले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मध्येच सर एकदम थांबले. बोटं तारांवर तशीच ठेवलेली. मला वाटलं, विसरले. बऱ्याच वेळानं त्यांनी घशातल्या घशात "हं... हं" असं केलं आणि पुन्हा सुरू झाले. शेवटी तीन सुटे सूर वाजवले, एकाहून एक खालचे. आणि म्हणाले, "संपलं."

मी टेपरेकॉर्डर बंद केला. सेलवर होता म्हणून चालूच राहिला होता.

"ह्यांना ऐकू आलं का रे?" काकूंनी मला विचारलं.

दीड तासानं लाईट आली. मी सुई जिथे थांबली होती तिथूनच रेकॉर्ड सुरू केली... आणि बुवांनी तेच वाजवलं. तीच चाल, तेच वळण. मधला तो थांबा आला आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला, कारण पुढे काय येणार ते मला आता माहीत होतं. बुवांनी घशातल्या घशात "हं... हं" केलं. मग चाल, मग तीन सुटे सूर. काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

मी पाटीवर लिहिलं, "सर, हे आधी ऐकलं होतं?"

"कुठं? तूच न्हाई ऐकवलं, मंग मला कोण ऐकवणार?"

घरी येऊन मी पिसं लागल्यासारखा त्या कॅसेटच्या मागे लागलो. एका कानाला कॅसेट, दुसऱ्या कानाला रेकॉर्ड, दोन्ही एकदम. सरांच्या तारा जुन्या, म्हणून सूर थोडा उतरलेला आहे. बाकी फरक नाही. मधला थांबा घड्याळ लावून मोजला, दोन्हीकडे अकरा सेकंद.

कारणंही शोधली. सरांनी तरुणपणी हैदराबादला ऐकली असेल का? शक्य नाही, ही रेकॉर्ड निघाली तेव्हा सर जालन्यात नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती, कव्हरवर साल आहे. दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डवर ही रचना आहे का? नाही, तपासलं. संगीत शिकवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना ऐकवलं. ते म्हणाले, एका माणसाच्या दहा रेकॉर्डी वर्षानुवर्षं ऐकल्या तर तो पुढे काय वाजवेल याचा अंदाज बांधता येतो. पटलं मला थोडंफार. मग मी विचारलं, आणि ते "हं... हं"? त्यांनी कॅसेट पुन्हा लावायला सांगितली.

सर दोन वर्षांनी गेले. त्या दुपारनंतर सरांनी डबल बेसवरची गोधडी कधी काढली नाही, असं काकू सांगतात. मी कितीदा तरी पाटीवर खोदून खोदून विचारलं. एकदाच एवढं म्हणाले, "पुरी व्हायची राह्यली होती, झाली. तू कायला चिंता करतो?"

चिंता नाही, पण कारण मला अजून सापडलेलं नाही आणि मी शोधणं सोडलेलंही नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, माझ्या डोक्यातून हे जात नाही.

ती कॅसेट दुकानात काउंटरच्या वरच्या फळीवर आहे. तिच्यात सरांच्या "संपलं" नंतर चारेक मिनिटं टेप उरली आहे. इतकी वर्षं दुकान केलं, कुणाची टेप मी कधी कोरी सोडली नाही. तेवढी एक सोडली आहे.