जोतिबाचा तांदळाचा नैवेद्य

आज सकाळी पूजा आटोपून मी घरच्या जात्यावर तांदूळ दळले. गिरणीत पिठात गहू मिसळतो, म्हणून.

मंडळी, माझ्या लेकीला, अश्विनीला, सिलिअ‍ॅक नावाचा आतड्याचा आजार आहे. तिला गहू चालत नाही. गहू सोडून दोन वर्षं झाली, तरी पोरगी थकलेलीच. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "आतड्याला सूज आहे. त्यानं शरीरात गंज चढल्यासारखी झीज होते आणि ती रोखणारी अँटिऑक्सिडंट कमी पडतात. कुठून तरी गहू पोटात जातोय."

कुठून, ते मला ठाऊक होतं. दर रविवारी जोतिबाच्या नैवेद्यातला पुरणपोळीचा तुकडा मीच तिला द्यायचो. देवाचा घास बाधत नाही, ही माझी समजूत.

गेल्या रविवारी तिनं पाहुण्यांसमोर तुकडा परत केला. "आबा, देवाला कळतंय की. तुमास्नीच कळंना झालंय."

माझी थोरली बहीण रागावली. मला मात्र पोरीचा अभिमान वाटला.

तुमच्याही घरी श्रद्धेपोटी असं काही चालतं का?

आमच्या घरातला गव्हाचा नैवेद्य मी आज बंद केला. तांदळाची पोळी जरा फाटली, पण तीच जोतिबाला दाखवली आणि पहिला तुकडा अश्विनीच्या हातावर ठेवला.