मागिस्टर क्नोल स्वतःशीच हरले तो गुरुवार

आमच्या शेजारचे वोल्फहार्ट क्नोल मूळचे गिरणीवाल्याच्या घरातले. चौदाव्या वर्षी विद्यापीठात आले ते चव्वेचाळिसाव्या वर्षीही तिथेच, नुसते मागिस्टर, डॉक्टरच्या एक पायरी खाली. गावातल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे प्रबंध यांच्या हातचे. विद्यार्थी ते भरसभेत लढवायचा, डॉक्टर व्हायचा आणि मग रस्त्यात ओळखही दाखवायचा नाही.

तर्कशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक वारले, त्यांचं आसन मोकळं झालं आणि क्नोल उमेदवार म्हणून उभे राहिले. उमेदवाराने आपला सिद्धान्त दुपारच्या घंटेपर्यंत सभेत राखायचा. राखला तर आसन, नाही तर सासऱ्यांच्या खेड्यातली शाळा. पाळक सासऱ्यांनी शाळेची खोली झाडूनसुद्धा ठेवली होती.

सोमवारी मी खमीर मागायला गेले, तर आत त्यांच्या बायकोचा, अपोलोनियाचा आवाज चढलेला.

"अहो, तो तुमचा विद्यार्थी फाइट कशाला आला होता?"

"आक्षेप लिहून मागायला. गुरुवारच्या सभेत आक्षेप घ्यायची पाळी त्याची आहे. बिचाऱ्याला काही सुचेना."

"गुरुवारी सभा कोणाची आहे?"

क्नोलनी लेखणी खाली ठेवली. "माझी."

"आणि दिलात लिहून?"

"दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

"निदान लेचापेचा तरी द्यायचा!"

"पोली, माझ्या हातून लेचापेचा जाईल का?"

पुढचे दोन दिवस स्वतःच्याच आक्षेपावर उत्तर शोधत ते कोबीच्या वाफ्यांतून फिरत होते. बुधवारी सूप समजून भांडी धुतलेलं पाणी प्यायले आणि मीठ कमी आहे म्हणाले.

गुरुवारी आम्ही दोघी सभागृहाच्या मागच्या दारात उभ्या राहिलो. जनावराला अनुमान करता येत नाही, हा क्नोलांचा सिद्धान्त. फाइटने आक्षेप वाचला: धन्याने देवळात जायची टोपी घेतली की कुत्रं जागचं हलत नाही, शिकारीची घेतली की आधी दारात. हे अनुमान नाही तर काय?

"उत्तर?" डीनसाहेबांनी विचारलं.

"नाही," क्नोल म्हणाले.

पोलीने माझा दंड असा आवळला की वळ उठले.

डीनसाहेब फाइटकडे वळले. "जरा उलगडून सांगा."

फाइट टोपीच्या रंगाबद्दल काहीबाही बोलू लागला. क्नोल उंच आसनावर चुळबुळले, ओठ चावले आणि शेवटी ओरडलेच, "अरे गाढवा, तसं नाही!" तरातरा खाली उतरून त्याच्या शेजारी उभे राहिले आणि अर्धा तास त्यांनी स्वतःच्या सिद्धान्ताच्या चिंध्या केल्या. घंटा झाली.

"निरुत्तर झालेल्याला आसन नाही," डीनसाहेबांनी नियम वाचला.

"आणि निरुत्तर केलं कोणी?" दारातून पोली. बायकांनी तिथे बोलायचं नसतं.

"गप्प बसा, बाई."

"बसते. पण जिंकणाऱ्याला काय देता, तेही वाचा की!"

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. प्राध्यापक आत गेले, तासभर कुजबुजले आणि बाहेर आले. क्नोल कुठेच दिसेनात. अंगणात त्यांनी फाइटची बाही धरून पुढचा मुद्दा चालवला होता.

"अहो," पोली धापा टाकत म्हणाली, "आसन मिळालं!"

क्नोलनी वळून पाहिलं. "कोणाला?"