सप्ताहाची आमटी

चकलांब्याच्या सप्ताहात भाकरी घराघरांतून येतात. आमटी मात्र मांडवातच शिजते. यंदा तिचे माप माझ्याकडे, गावच्या शाळेतल्या नव्या शिक्षकाकडे, होते; दरवर्षीचेच, माणशी दोन वाट्या. पंगतीतल्या एका अनोळखी वृद्ध गृहस्थांनी ताटात चार भाकरी कुस्करल्या, मधोमध आळे केले आणि माझ्या बादलीकडे बोट दाखवले.

"आमटी माणूस न्हाई, भाकर पिती, सर. वता!"

मी ओतत राहिलो. शेवटच्या बादलीचा तळ दिसू लागला तेव्हा हादरून, चाचरत म्हणालो, "आबा, भाकरी थापणाऱ्या बायका अजून जेवायच्या आहेत."

"त्या मिरचीसंगं खात्यात की दरसाली," ते अगदी मायेने म्हणाले. "तुमी कावून घाबरता? वाढा."

पळी माझ्या हातातच राहिली. आमटी आज कमी पडली नव्हती. ती दरवर्षी बायकांना न मोजता एवढीच शिजत होती.